सरांची राखण

मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी सरांनी मला पहिलं काम दिलं ते नुसतं बघत बसण्याचं. "म्याडम, मी हात धुवून येतो. तुमी इथं बसा अन् याच्याकडं पाहत राहा," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि ते गेले. स्क्रीनवर बी.एस्सी.च्या एका चाचणीची प्रश्नपत्रिका होती. मी इमानेइतबारे पाहत राहिले. प्रश्नपत्रिका जागची हलली नाही. सर ओल्या हातांनीच धावत परत आले आणि म्हणाले, "डोळा नाही ना हालला?" मला हसू फुटलं. सर हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर खरोखरचा घाम होता.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. साकोलीजवळच्या त्या कॉलेजात गणित विभाग म्हणजे सर आणि मी, एवढाच कारभार होता. ते कायम नोकरीतले, निवृत्तीला टेकलेले. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते कॉलेजलाच ठाऊक. मी भंडाऱ्याहून एसटीनं यायची, सर सानगडीकडच्या त्यांच्या गावाहून. आयुष्यात मी भित्री माणसं पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतःही काही झाशीची राणी नाही, पण इतकं पद्धतशीर भिणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

"डोळा हालला का डुक्कर शिरला" हे त्यांचं रोजचं वाक्य होतं. त्यांच्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, जंगलाला लागून. लहानपणी त्यांना मचाणावर राखणीला बसवायचे. डब्बा वाजवायचा, हाका घालायच्या, आणि मुख्य म्हणजे बांधीवरची नजर हलवायची नाही. रानडुक्कर फार हुशार, ते म्हणे माणसाचा डोळा हलण्याचीच वाट पाहत असतं. मचाणावरून सर उतरले, शिकले, प्राध्यापक झाले, पण राखण काही सुटली नाही. त्यांची स्कूटर वर्गाच्या खिडकीतून दिसेल अशीच उभी असायची आणि वर्गात ते अर्ध्या तोंडानं मुलांशी आणि अर्ध्या तोंडानं स्कूटरशी बोलत. डबा खाताना पाठ भिंतीला आणि तोंड कॉम्प्युटरला. आम्ही दोघं कधीच एका वेळी जेवलो नाही. एकानं जेवायचं, एकानं पाहायचं.

कुलपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कुलूप लावलं म्हनजे चोराले पत्ताच देल्ला," असं म्हणत. आणि 'झालं' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नसेल. प्रश्नपत्रिका झाली का सर? "होऊन राहिली." जेवण झालं का? रिकामा डबा धुताधुता, "होऊन राहिलं." त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळा स्टाफ गेलो होतो. पंगती उठल्या, पोरगी सासरी निघाली, प्राचार्यांनी हात जोडून म्हटलं, "सर, छान झालं लग्न." सर घाबरून इकडे तिकडे बघत म्हणाले, "होऊन राहिलं, सर, होऊन राहिलं." झालं म्हटलं की कोणीतरी ऐकतं आणि हात घालतं, असा त्यांचा हिशेब.

या माणसानं मला लॅटेक शिकवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गणिताची चिन्हं, समीकरणं सुबक छापायची तर लॅटेक नावाचा प्रोग्राम असतो. त्यात आपण लिहितो ते साधा मजकूर आणि खुणा. मग हुकूम द्यायचा. तो सगळं वाचतो, पानं जुळवतो आणि पीडीएफची फाइल तयार करतो. दुरुस्ती केली की पुन्हा हुकूम, पुन्हा नवी पीडीएफ, जुनीच्या जागी. सर त्याला गिरणी म्हणत. "इकडून धान टाकाचं, तिकडून तांदूळ येते. फक्त पोत्याचं तोंड मोकळं पाह्यजे."

एवढं चांगलं समजावून देणारा माणूस पोत्याचं तोंड मात्र कधी मोकळं ठेवत नसे. एखादं प्रकरण मनासारखं आलं की त्या फाइलवर 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण करून टाकायचे, म्हणजे कोणाला त्यात लिहिता येऊ नये. स्वतःलासुद्धा. शिवाय त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन होते. एकावर काम चाले, दुसऱ्यावर तयार पीडीएफ कायम उघडी, राखणीला. एरवी ती बंद झालेली मी कधी पाहिली नव्हती. आभाळ गडगडलं की सगळ्या प्लगच्या पिना काढायचे, त्या वेळी तेवढी नाइलाजानं बंद होई. मग वीज आणि पाऊस थांबेपर्यंत सर त्या काळ्या स्क्रीनसमोर हात जोडल्यासारखे बसून राहायचे.

माझी पीएचडी त्यांच्या डोळ्यांसमोर झाली. मार्गदर्शक नागपूरचे, पण माझी खरी धास्ती सरांनी वाहिली. आमच्या घरातली ही पहिलीच पीएचडी. बाबा भंडाऱ्याला पाटबंधारेच्या ऑफिसात शिपाई होते. मी प्रबंध लिहायला घेतला तेव्हापासून ते विहारात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले होते, "पोरगी डॉक्टर होणार." मी म्हणायची, बाबा, अजून काही झालं नाही. आणि मनात म्हणायची, सरांचंच खरं, होऊन राहिलं म्हणावं माणसानं. कारण मुदत संपत आली होती. एकदा वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळत नाही. ठरल्या दिवशी विद्यापीठात प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांचं काम पाण्यात, कायम नोकरीची आशा पाण्यात, आणि बाबांनी विहारात कुठल्या तोंडानं जायचं?

प्रबंध मी माझ्या लॅपटॉपवर लिहीत होते. तो जुना, म्हणून नागपूरला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या माझ्या मामेभावानं त्यात विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं होतं. दर आठवड्याला मी सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून सरांना द्यायची. ते त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत, खुणा करून टाकत आणि पीडीएफ दुसऱ्या स्क्रीनवर लावून ठेवत. त्यांच्या प्रश्नपत्रिका बाजूला पडल्या आणि माझा प्रबंध राखणीला लागला. सुट्टीच्या दिवशीही ते त्यासाठी कॉलेजात येत, असं मला शिपाईदादांनी सांगितलं. मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. एवढं जर कोणी राखत असेल, तर त्याला काही होऊ शकतं असंच ना?

आणि झालंच. मुदतीच्या आदल्या दिवशी एसटीत माझ्या लॅपटॉपवर कोणाचं तरी तांदळाचं पोतं वरून कोसळलं. स्क्रीनचा चुरा झाला. त्याच संध्याकाळी मार्गदर्शकांचा फोन आला. चौथ्या प्रकरणातल्या मुख्य सिद्धांतात एक अट लिहायची राहून गेली होती. अट नसली तर सिद्धांत खोटा. "ही एक ओळ घाल आणि उद्या सकाळीच पीडीएफ बाइंडिंगवाल्याकडे पाठव. दुपारपर्यंत आली तर पाच वाजायच्या आत दाखल करू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं कॉलेजात पोचले. आता सरांच्याकडचीच प्रत आधार होती. सर आधीच दुसऱ्या स्क्रीनसमोर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी चौथ्या प्रकरणाची खूण काढली, तीसुद्धा किती वेळ घेऊन. मी ओळ घातली. हुकूम दिला. स्क्रीनवरून भराभर ओळी धावल्या आणि मध्येच थांबल्या. इंग्रजीत निरोप आला होता, त्याचा अर्थ असा की मला या फाइलवर लिहिता येत नाही.

पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच.

"शिरलं कोनीतरी," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की मी आधी ऐकलंच नाही. त्यांनी उठून इंटरनेटची वायर उपटली. मग दार लावलं, मग खिडक्या. शिपाईदादा चहा घेऊन आले त्यांना दारातूनच परत लावलं. "आतमंदी कोनी येऊ नोका." वर पंखा चालू होता आणि माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती. सरांची भीती तशी मला रोजची, तिच्यावर मी मनातल्या मनात हसायची. पण त्या बंद खोलीत ती माझ्या अंगात उतरली. साधं फोल्डर उघडता येईना. मला विहारातल्या ओट्यावर बसलेले बाबा दिसत होते.

मी आधी ते फोल्डर पाहिलं. एकूण एक फाइलवर 'फक्त वाचण्यासाठी'ची खूण. "सर, ही तुम्हीच केली ना?"

"मंग? उघडं ठेवू का सारं?"

मी सगळ्या खुणा काढून टाकल्या. सर तोंड फिरवून बसले. हुकूम दिला. तोच निरोप. मग मला वाटलं, लिनक्सवरून आणलेलं म्हणून काही बिनसलं असेल. मोबाइलवरून मामेभावाला फोन लावला आणि रडक्या आवाजात सगळं सांगितलं.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुझ्या लिनक्सवर फाइल उघडी असली तरी त्याच नावानं नवी लिहून होते. विंडोजवर तसं नाही. कोण्या प्रोग्रामनं ती धरून ठेवली असंन तर तिथं लिहू देत नाही. ती पीडीएफ कुठं उघडी तर नाही ना?"

मी मान वर केली. दुसऱ्या स्क्रीनवर माझा प्रबंध होता. पहिलं पान, माझं नाव, खाली मार्गदर्शकांचं. सरांची राखण.

जुन्या कॉम्प्युटरवर हे असं का झालं नव्हतं तेही मग कळलं. त्यावर पीडीएफ दाखवणारा एक साधा प्रोग्राम होता, तो फाइल नुसती पाहायचा. महिनाभरापूर्वी कॉलेजनं नवा कॉम्प्युटर दिला. त्यातला प्रोग्राम पाहतापाहता फाइल मुठीत धरून ठेवणारा होता. आणि महिनाभर प्रबंध मार्गदर्शकांकडे तपासायला होता, म्हणून मी नवी प्रत दिली नव्हती आणि सरांनी एकदाही हुकूम दिला नव्हता, ते फक्त पाहत बसले होते.

"सर, ती बंद करावी लागते," मी म्हटलं आणि माउसकडे हात नेला. सरांनी माउसवर पंजा ठेवला.

"बंद नोको करू, बेटा."

मला ते कधी बेटा म्हणाले नव्हते. मी तो हात पाहिला. त्याच्या शिरा टरारल्या होत्या.

"सर, नाहीतर नवी येतच नाही. बारा वाजत आले."

"नोको."

"बरं, मग दुसऱ्या नावानं नवी काढते. जुनी तशीच राहू द्या तुमच्यासमोर."

यावर तर ते उभेच राहिले. "दोन नावं? एकासारखी एक? त्यातली कोनती खरी हे बाइंडिंगवाल्याले कोन सांगीन? मी दोन बांध्या राखू शकतो का?"

आणि मग, माउस न सोडता, त्यांनी ते सांगितलं. तरुणपणी त्यांनीही प्रबंध लिहिला होता. नागपूरच्या एका टायपिंग सेंटरवर कॉम्प्युटरवर टाइप करून घेतला. जुना आणि दुरुस्त केलेला, दोन फाइली, नावं जवळजवळ सारखी. शेवटच्या दिवशी सर दिवसभर तिथं बसून होते. भूक लागली म्हणून खाली पोहे खायला गेले. परत आले तो सेंटरवरच्या माणसानं घाईघाईत, जुनी समजून, दुरुस्त फाइल उघडून, तिच्यातला मजकूर पुसून, तिच्याच नावावर कोणाची तरी लग्नपत्रिका करून ठेवली होती.

"माझ्या नावाच्या जागी 'चि. सौ. कां.' होतं," सर म्हणाले. "पोह्याची प्लेट अर्धी होती, बेटा. मी पुरी खाल्ली असती त बी काय फरक पडला असता? पन मी उतरलो. मी उतरलो नसतो तर..."

त्यांनी पुन्हा लिहिला नाही. लोक त्यांना सर म्हणत राहिले, डॉक्टर कोणी म्हटलं नाही. ही गोष्ट कोणाही स्टाफला ठाऊक नव्हती. मला त्यांचा राग येत होता, वेळ चालला होता, आणि डोळ्यांसमोरून ती अर्धी प्लेट हलत नव्हती. मग भंडारा शहरात वाढलेली असूनही मी त्यांच्या गावच्या भाषेत बोलले.

"सर, धान उभं आहे तोवर राखन ठीक आहे. पन कापनीच्या दिवशी? कापाले त मचानावरून उतराच लागते ना?"

बाहेर पोरांचा गलका होता, तास संपला होता. मग त्यांनी माउसवरचा हात उचलला. "तू कर," म्हणाले. "माझ्यानं पाहवनार नाही." आणि ते उठून खिडकीशी गेले, बंद खिडकीच्या गजांना धरून, पाठ माझ्याकडे करून उभे राहिले. त्यांचा डोळा हललेला मी पहिल्यांदा पाहत होते.

मी कोपऱ्यातली फुली दाबली. दुसरा स्क्रीन रिकामा झाला. गंमत म्हणजे तेव्हा मलाही वाटलं, गेलं. सगळं गेलं. नुसता निळा स्क्रीन आणि वर कॉलेजचं बोधचिन्ह. हुकूम दिला. ओळी धावल्या. जिथं थांबत होत्या तिथं आल्या, आणि पुढं गेल्या.

"आली, सर."

"हाये ना?" पाठ तशीच.

"हाये."

"पाहून सांग."

मी चौथं प्रकरण उघडलं, अट होती. पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, संदर्भांची यादी पाहिली. "हाये, सर. सगळं हाये." तेव्हा कुठे ते वळले. डोळे लाल होते. त्यांनी स्वतः इंटरनेटची वायर लावली, मी फाइल पाठवली, आणि बाइंडिंगवाल्याचा 'मिळाली' असा निरोप येईपर्यंत आम्ही दोघं स्क्रीनकडे पाहत बसलो. प्रबंध पाच वाजायच्या आत दाखल झाला. बाइंडिंगवाल्याकडून प्रती घेऊन विद्यापीठात गेलेल्या मामेभावानं पावतीचा फोटो पाठवला तो मी सरांना दाखवला. "झालं, सर." सरांनी माझ्या तोंडावर हात धरल्यासारखं केलं. "होऊन राहिलं म्हन."

पुढे मला पदवी मिळाली आणि भंडाऱ्याला एका कॉलेजात कायम जागाही. बाबांनी विहारात पेढे वाटले. सर निवृत्त होऊन गावी गेले. आणि मग त्यांचा रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "हाये ना?" म्हणजे प्रबंध. छापून, बांधून, विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध! मी सुरुवातीला स्वयंपाक करताकरताच सांगायची, हाये सर. त्यांना बरोबर कळायचं. "पाहून सांग." मग गॅस बारीक करून लॅपटॉप उघडायचा, फाइल उघडायची, पानं खालवर करायची. "हाये, सर." "बरं." फोन बंद. घरातले हसायचे. मीही हसायची, पण फोनला उशीर झाला की माझा जीव वर-खाली व्हायचा. तो वाजला नाही तर, ही माझी नवी भीती.

एका संध्याकाळी तो वाजला तेव्हा पलीकडून काकू बोलत होत्या, सरांच्या पत्नी. सरांना भंडाऱ्याला दवाखान्यात आणलं होतं, छातीचं दुखणं. मुलगी लांब दिलेली, ती निघाली होती. मी धावत गेले. सर डोळे मिटून पडले होते, नाकात नळी, आणि डोक्याशी एक स्क्रीन, त्यावर हिरवी रेघ वरखाली होत होती. काकूंनी मला स्टूल दिलं. मी बसले आणि त्या रेघेकडे पाहत राहिले. नर्स म्हणाली, "म्याडम, त्याच्याकडे पाहून काही होत नाही, काही झालं तर ते स्वतःच आवाज करतं." मी मान हलवली, डोळा हलवला नाही. मला वाटत होतं, मी नजर काढली की ती रेघ सपाट होईल. इतकी मी आयुष्यात कधी भ्यायले नव्हते, त्या दिवशी बंद खोलीतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू म्हणाल्या, "जा वो बाई, चहा पिऊन ये. सकाळपासून पानी नाही पोटात. मी आहो ना इथं."

मी नको म्हटलं. त्यांनी हाताला धरून उठवलंच. मी खाली टपरीवर गेले, चहा घेतला, आणि पहिला घोट घेताच मला ती अर्धी पोह्याची प्लेट आठवली. ग्लास तसाच ठेवून मी पायऱ्या धावत चढले. खोलीच्या दारात आले तो सरांच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला. काकू बाहेर नव्हत्या. पडद्याखाली नर्सचे पाय दिसत होते. स्क्रीन दिसत नव्हता, रेघ दिसत नव्हती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाये ना?"

आत भांड्यासारखं काहीतरी वाजलं. मग पडद्याआडून घोगरा, चिडका आवाज आला.

"हाये. पन तू कायले उठली जागेवरून?"

मी चपला दारात काढल्या आणि परत स्टुलावर जाऊन बसले.